चारपैकी दोन तबकड्या

माझ्या घरात चावीचा एक ग्रामोफोन आहे आणि त्याच्याजवळ फडक्यात गुंडाळलेल्या दोन जाड काळ्या तबकड्या आहेत. त्यांच्यावर एका जर्मन संगीतकाराची रचना आहे. दोन व्हायोलिन, त्याहून जरा जाड आवाजाचं तिसरं वाद्य, आणि मांडीत धरून वाजवायचं चौथं, सगळ्यात जाड आवाजाचं. संगीतकाराचं नाव इथं लिहीत नाही. लिहून उपयोग नाही, त्याच्या देशातल्या माणसांनाही ते माहीत नाही. मी ज्या कंपनीला ब्रॅकेट पुरवायचो तिथं एकदा एक जर्मन तपासनीस आला होता. जेवताना मी कागदावर ते नाव लिहून त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुमचे दुसरे पुरवठादार का?"

ही रचना चार तबकड्यांची आहे. माझ्याकडं दोनच का, हे सांगायचं तर जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जावं लागतं. तिथला माझा राग अजून गेलेला नाही.

त्याआधी माझ्याबद्दल थोडं. माझे वडील लासूर स्टेशनच्या बाजारात हमाल होते. लहानपणी मी बैलांचे सौदे बघत उभा राहायचो. दोघं जण रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि वर चेहरे असे की जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. ज्याचा चेहरा हलला तो बुडाला. वडील म्हणायचे, "गरज दिसली की भाव गेला." शाळेत मी फार काही शिकलो नाही, पण हे एक वाक्य घेऊन शहरात आलो आणि त्याच्यावर चिकलठाण्यात पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पट्टी ठोकून ब्रॅकेट काढायचा एक जुना पॉवर प्रेस उभा केला. पुढं दोन झाले, मग पाच. कोणाच्या बापाची मदत घेतली नाही.

पहिली काही वर्षं प्रेसवर मी आणि बायको, दोघंच. मी पट्टी सरकवायचो, ती पायडल मारायची. नंतर ती एकटीही चालवायला लागली. प्रेसचा आवाज कसा असतो ते शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कानात नाही, दातांत बसतो. आम्ही कापसाचे बोळे घालायचो. पुढं कंपनीनं कानावर लावायचे मफ सक्तीचे केले तेव्हा मी चार जोड आणले आणि कपाटात ठेवले. तपासणीला कोणी येणार असलं की बाहेर काढायचे, एरवी घामानं खराब होतात म्हणून आत. हे मीच ठरवलं होतं.

तर ग्रामोफोन. त्या रविवारी मी बाजारात लोखंड पकडून ठेवायचा जुना व्हाईस शोधायला गेलो होतो. एका चाचांच्या चादरीवर हा ग्रामोफोन दिसला. छावणीतल्या कुठल्याशा बंगल्यातून भंगारात आला होता म्हणे. सोबत पुठ्ठ्याच्या जाड वहीत चार तबकड्या. मला ग्रामोफोन हवा होता, बायकोला वीज नसताना गाणी ऐकायला. म्हणून मी तासभर त्याच्याकडं बघितलंच नाही. व्हाईसचा भाव केला, कुलपाचा केला, पंख्याच्या पात्याचा केला. मग उठता उठता म्हणालो, "आणि हा डबा?"

चाचा माझ्यापेक्षा मुरलेले होते. म्हणाले, "डब्बा नक्को बोलो सेठ. गाता है."

आमची अर्धा तास झटापट झाली. शेवटी अडलं तबकड्यांवर. चौथीवर ओरखडे होते, तिसरीला काठापासून आत केसाएवढी चीर. मी म्हणालो, "चांगल्या दोन घेतो. फुटक्या तुमच्याकडं ठेवा, भाव कमी करा."

"सेट है मियाँ. जोडी तोडके नक्को लेव. चीर है तो क्या, बजता है, टक टक करता बस."

"टक टक ऐकायला प्रेस आहे माझ्याकडं."

"पछताओगे."

विकणारा पछताओगे म्हणाला की समजायचं तो हरतोय. मी दोन तबकड्या काढल्या, दोन त्यांच्या चादरीवर ठेवल्या आणि सायकलच्या कॅरिअरला ग्रामोफोन बांधून जिंकून घरी आलो.

तेव्हा आमच्या भागात दुपारी वीज जायची. प्रेस थांबले की शेडमध्ये एकदम अशी शांतता यायची की कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटायचं. एका दुपारी वीज गेली तेव्हा बायकोनं हात पुसले, ग्रामोफोनला चावी दिली आणि सुई ठेवली. आधी खरखर, मग एक व्हायोलिन, आणि मग बाकीचे तिघं त्याला विचारल्यासारखे आत आले. चार मिनिटांत बाजू संपली. तिनं उलटून दुसरी लावली. मी पट्ट्यांवर बसून चहा पीत होतो, तो प्यायचा राहिला.

"काय म्हणतायत हे?" मी विचारलं.

"भांडत नाहीत एवढं खरं," ती म्हणाली. "एक बोललं की बाकीचे ऐकतात. आपल्याकडं असं कोण बसतं?"

चौथ्या बाजूला संगीत ऐन मध्यावर तुटतं. तिसरा भाग सुरू होऊन जरा वर चढतो, चौथं जाड वाद्य काहीतरी सांगायला लागतं, आणि सुई आतल्या गोलात जाऊन घासत बसते. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"पुढची कुठंय?"

"बाजारात."

"मग आणा की."

आणली असती. पण लगेच दुसऱ्याच रविवारी गेलो असतो तर चाचांनी ओळखलं असतं की याला गरज आहे, आणि फुटक्या तबकड्यांचा भाव सोन्याचा झाला असता. म्हणून मी मुद्दाम तीन रविवार गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो, आधी खिळ्यांचा भाव केला, मग सहज विचारलं.

"वो तवे? गये," चाचा म्हणाले. "एक आदमी आया था. गरम करके फूलदान बनाता बोलता."

मी तिथं भर बाजारात ओरडलो. म्हणालो, जोडी आहे माहीत होतं तर ठेवायला नको? चाचा शांतपणे म्हणाले, "रुकाता. आप बोलते तो रुकाता. बोले क्या आप?" आजूबाजूचे लोक हसले. त्या चादरीपुढं मी पुन्हा उभा राहिलो नाही. त्यांनी ठेवायला हव्या होत्या, हे मी आजही म्हणतो. त्यांच्याकडून वस्तू घेऊन गेलेला माणूस परत येणार, हे त्यांना कळायला नको?

पुढं तीस वर्षं आम्ही अर्धीच रचना ऐकत राहिलो. वीज गेली की चार बाजू. आमचं भांडण शेवटावरून असायचं. मी म्हणायचो, "हे जोरात संपणार. माल उतरवला की रिकामा ट्रक कसा खडखडत पळतो, तसं." ती म्हणायची, "नाय. शेवटी ती पहिली चालच परत येणार. हळू. चौघं दमलेले असतील, पण घरी येतील." मी म्हणायचो, तुला काय कळतं त्यातलं. ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा लई कळतं. मी ऐकते, तुम्ही वाट बघता." पाहुण्यांपुढंसुद्धा आम्ही यावरून भांडलोय आणि पाहुण्यांना कळलेलं नाही की कशावरून.

मग तिचा उजवा कान गेला. ती म्हणायची मळ असेल. मी तेल घातलं. मळ नव्हता.

फोनवर त्या संगीतकाराचं नाव टाकून बघायची मला सवय होती. काही यायचं नाही. एक दिवस आलं. जर्मनीतल्या एका लहान कंपनीनं त्याचं सगळं संगीत नव्यानं ध्वनिमुद्रित करायला घेतलं होतं. आधी वाद्यवृंदाच्या रचना, मग चार-पाच वाद्यांच्या. तिथंच वाचलं की महायुद्धाच्या काळातल्या तिथल्या सरकारला हा माणूस नको होता, आणि त्याचे कागद एका नातेवाइकाच्या माळ्यावर पडून होते. मी बायकोला हाक मारली. ती डावा कान पुढं करून आली.

वाद्यवृंदाचा पहिला संच मी लगेच विकत घेतला आणि चांगला स्पीकर आणून लावला. खूप वाद्यं, मोठा आवाज, मध्येच तुताऱ्या. मला एक जागा ओळखीची वाटली, चौघांतलं जाड वाद्य वळतं तसं काहीतरी वळलं. बायकोनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "लई माणसं जमवली," ती म्हणाली. "आपले चौघं यात कुठं हायत?"

आपले चौघं तिसऱ्या संचात होते, आणि तिसरा संच पुढच्या वर्षी यायचा होता.

तिथं आणखी एक ओळ होती. या सर्व रचनांचं हे जगातलं पहिलंच ध्वनिमुद्रण आहे, अशी. ती वाचून माझं डोकं फिरलं. पहिलं? मग आमच्या शेडमध्ये तीस वर्षं काय वाजत होतं? माझं इंग्रजी ऑर्डर आणि रिजेक्शनपुरतं आहे, पण रागासाठी तेवढं पुरतं. मी कंपनीला लिहिलं की तुम्ही खोटं छापलंय.

दोन दिवसांत उत्तर आलं. कंपनी चालवणाऱ्या माणसानं स्वतः लिहिलं होतं. अशा तबकड्या निघाल्या होत्या हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं, पण एकही प्रत कुठं सापडलेली नव्हती. वाजवणाऱ्यांत खुद्द संगीतकार होता असंही म्हणतात. कृपा करून फोटो पाठवाल का? आवाज उतरवून पाठवाल का? आम्ही कित्येक वर्षं शोधतोय.

मला हसू आलं. पहिल्याच पत्रात माणसानं सगळी गरज उघडी केली होती.

मी लिहिलं, फोटो नाही, आवाज नाही. आधी ती चार वाद्यांची रचना पूर्ण पाठवा, मग बघू. त्यानं लिहिलं, वाजवून झाली आहे, पण काम पूर्ण झालेलं नाही, आणि प्रसिद्ध होण्याआधी बाहेर देता येत नाही. आपल्याला इतकी घाई का आहे, हे कळवाल का? मी लिहिलं, ते माझं मी बघीन. त्यानं लिहिलं, मग वसंतापर्यंत थांबावं लागेल. मी लिहिलं, मग माझ्या तबकड्याही वसंतातच.

याच दिवसांत मी बायकोला क्रांती चौकाजवळच्या एका कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथली मशीन बसवणारी मुलगी तिशीची असेल. मी मशीनच्या भावावरून तिच्याशी वाद घातला, मग हमीवरून, मग मशीन गाणं नीट ऐकवेल का यावरून.

"काका," ती म्हणाली, "मशीन बोलणं मोठं करतं. गाण्याचं मी सांगू शकत नाही. उजव्या कानात काही राहिलेलं नाही. डावा आहे तोवर आहे."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत? नीट सांगा ना."

"माल नाहीये हा, डिलिव्हरीची तारीख द्यायला. काकूंना जे ऐकवायचं असेल ते आत्ता ऐकवा."

मी तिच्यावर आवाज चढवला. बायकोनं माझ्या बाहीला धरून बाहेर आणलं. जिन्यात म्हणाली, "पोरीवर कशाला ओरडता? ती बरोबर बोलली असेल."

घरी येऊन मी त्या जर्मन माणसाला लिहायला बसलो. बायकोचा कान जातोय, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं नाही. हात जातच नव्हता. आपण अडलोय हे समोरच्याला कळवायचं, हे मी कधी केलेलं नाही. बँकेत केलं नाही, कंपनीत केलं नाही. मला वाटलं, तोच आधी वाकेल. त्याची गरज मला माहीत होती, माझी त्याला माहीत नव्हती. सौदा माझ्या हातात होता. मी आठ महिने गप्प बसलो. त्यानं मध्ये दोनदा नम्रपणे आठवण करून दिली. मला वाटलं, वाकतोय.

एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मी अंघोळीत होतो. पाच झाल्या, सहा झाल्या. मी ओरडत बाहेर आलो तर बायको ओट्यापाशी कुकरकडं पाठ करून मेथी निवडत बसली होती. मी खांद्याला हात लावल्यावर दचकली. मग माझे ओठ हलताना बघून तिचा चेहरा जो झाला तो मी लिहीत नाही. दवाखान्यात धावलो, इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. मशीन लावलं तर म्हणाली, "पत्र्यावर खडे पडतायत फक्त."

त्या आठवड्यात मी दोन्ही तबकड्यांचे फोटो काढले, सगळ्या बाजूंचा आवाज उतरवला आणि काही न मागता पाठवून दिला. खाली पहिल्यांदाच लिहिलं की माझ्या बायकोला शेवट ऐकायचा होता, आता तिला ऐकू येत नाही.

संपूर्ण रचना त्याच संध्याकाळी आली. सोबत पत्र होतं. मनापासून वाईट वाटलं, त्यानं लिहिलं होतं. आपण हे सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी पाठवली असती. मी आपल्याला विचारलं होतं.

विचारलं होतं, खरंय. पण एकदा. आपल्याकडं पाहुण्याला पोळी वाढतानासुद्धा तीनदा विचारतात. माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा नसतो, एवढं त्याला कळायला हवं होतं. मी हे त्याला लिहिलं नाही. कोणाला लिहू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ऐकायला बसलो. म्हणजे मी. तिनं स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. नव्या ध्वनिमुद्रणात खरखर नव्हती, बाजू उलटायला उठावं लागत नव्हतं. जिथं आमची तबकडी संपते तिथं माझं अंग आपोआप उठायला लागलं, पण वाद्यं थांबलीच नाहीत. जाड वाद्यानं जे सांगायला घेतलं होतं ते सांगून टाकलं. त्यात फार काही नव्हतं. मग चौथा भाग, चांगला पळणारा. मला वाटलं, जिंकलो, हे माझ्यासारखं संपतंय. आणि अगदी शेवटाला वेग उतरला, पहिली चाल परत आली. पहिल्या व्हायोलिननं नाही, तिसऱ्या वाद्यानं वाजवली, थांबत थांबत. बाकीचे तिघं तिच्याबरोबर चालत गेले आणि संपलं.

"झालं?" बायकोनं विचारलं. आता ती मोठ्यानं बोलते, स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून. "कसं हाय शेवटी?"

शेडमध्ये रोजचा माल लिहायची पांढरी पाटी घरी आणलेली आहे, तिच्यावर आम्ही बोलतो. मी लिहिलं, तू म्हणायचीस तसंच. पहिली चाल परत येते. हळू.

तिनं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"खरं सांगताय?"

मी मान हलवली.

"तीस वर्षं भांडलात माझ्याशी. आणि आज म्हणे मीच बरोबर. माझं मन राखता व्हय?"

मी लिहिलं, खरंच. तिनं नकारार्थी हात हलवला. "तुम्ही फुकट कुणाला हो म्हणत नाही. तुमच्या तोंडावरून कधी काही कळलंय का मला? तुमचा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा तुम्ही पत्र्याचा भाव करून आलात आणि मग सांगितलं."

मी पुन्हा लावलं, शेवटची चार मिनिटं, आणि तिचा हात धरून स्पीकरवर ठेवला. "थरथरतंय," ती म्हणाली. "चाल कुठली ते थरथरण्यातून कसं कळणार?" मी ती चाल बोटांनी तिच्या मनगटावर दाबून सांगायला गेलो. ती मला म्हणाली, हे काय, बैल विकताय का?

मग मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. त्या जर्मन माणसाला विनंती केली की माझ्या बायकोला तुम्ही शेवट लिहून कळवा, माझं नाव घेऊ नका. मी काय सांगितलंय ते त्याला कळवलं नाही, साक्ष स्वच्छ असावी म्हणून. त्यानं सुंदर लिहिलं. सुरुवातीची चाल अखेरीस परत येते, लिहिलं. मी ते फोनवर मराठीत करून तिच्यापुढं धरलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगला माणूस हाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं लिहिलं बिचाऱ्यानं."

तिसरा संच वसंतात निघाला. तबकड्यांतला जुना आवाजही त्यांनी शेवटी जोडला आहे, आणि पहिलंच ध्वनिमुद्रण ही ओळ काढून टाकली. एक प्रत मला आली. मी ती बायकोच्या हातात दिली. तिनं चित्र बघितलं, उलटून मागचं बघितलं आणि मला परत दिली.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "असेल तसंच."

गिऱ्हाईक काही न घेता पायरी उतरताना बघू म्हणतं, त्या सुरात. त्यानंतर तिनं शेवटाचं काही विचारलं नाही.